आधी टाऊन हॉल

“अंबाबाईचं दर्शन झालं, जेवण झालं, गाडीला दोन-तीन तास आहेत. आता काय बघू?” कोल्हापूरला आलेले पाहुणे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: सीपीआर दवाखान्यासमोरच्या बागेतला टाऊन हॉल, म्हणजे तिथलं वस्तुसंग्रहालय.

बहुतेकांची रिक्षा थेट न्यू पॅलेसला जाते. मेजर मँट यांनी आराखडा केलेला, १८७७ ते १८८४ मध्ये उभा राहिलेला तो राजवाडा बघायलाच हवा. छत्रपतींच्या राजधानीचा थाट तिथे आहे. टाऊन हॉलही मँट यांचाच, १८७२ ते १८७६ मधला. पण आतला ऐवज फार मागे नेतो.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. १९४० च्या दशकात तिथे खोदकाम झालं. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केलं. जमिनीखालून सातवाहनांच्या काळातलं नगर निघालं. याच टेकाडात रोमन घडणीच्या काशाच्या वस्तूही मिळाल्या. त्यातलाच पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. मूर्ती वीतभरही उंच नाही. दाढीवाला चेहरा, पिळदार अंग, वर उचललेला एक हात. त्यातला त्रिशूळ मात्र केव्हाच गेलाय. आपल्याला समुद्र गाठायचा तर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. हा समुद्रदेव बंदरावर उतरून, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर घाट चढून आला असणार, तोही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी! मला तर या शहरात याहून मोलाची वस्तू दिसत नाही. ताराराणी आणि शाहू महाराजांचा अभिमान आपल्याला आहेच, असायलाच हवा. पण त्यांच्या कितीतरी आधी या गावाचा जगाशी व्यवहार होता, हे आपल्या पोरांनाही माहीत नसतं, याचं वाईट वाटतं.

टाऊन हॉलपासून ब्रह्मपुरी पायी जाण्याइतकी जवळ आहे. जरूर जा, आणि तसंच पुढे पंचगंगेच्या घाटावर उतरा.

मुक्काम वाढलाच तर सकाळी लवकर पन्हाळा गाठा. ताराराणींनी कारभार केला तो तिथून. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने पडला होता, तोही याच गडाला. गडावर एवढी माणसं जगायची कशावर, हे अंबरखान्यात कळतं. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन प्रचंड कोठारं आहेत. बाहेरून फोटो काढून परतू नका, आत शिरा, मान वर करून छत बघा.