आमची वाटचाल: भाड्याच्या बेडपासून घरच्या आयसीयूपर्यंत

सुरुवात पेशंटच्या घरी फाउलर बेड (डोकं-पाय वर-खाली करता येणारा), व्हीलचेअर आणि एअर बेड भाड्याने देण्यापासून झाली. सामान पोचलं की फोन सुरू व्हायचे, आणि ते सामानाबद्दल नसायचेच. नळी निघाली, कफ कसा काढायचा, एअर बेड घेऊनही कमरेला जखम का झाली? (एअर बेड दाब वाटून देतो, कूस बदलत नाही. ती दर दोन तासांनी आपणच बदलायची. वर जाड रजई अंथरली तर भाडं वाया.) त्यामुळे आधी सिस्टर, मग ब्रदर (पुरुष नर्स), मग डॉक्टरांची फेरी असं काम वाढत गेलं.

आता डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आमचा माणूस घर बघून येतो. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, साडेसहा बाय तीन फुटांच्या बेडच्या दोन्ही बाजूंना उभं राहता येतं का, अर्थिंग आहे का. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन), सक्शन (कफ ओढणारं मशीन) आणि एअर बेडचा पंप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर दिसले तर बेड बसवण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलावतो.

सगळ्यात जास्त चुका ऑक्सिजनमध्ये होतात. 5 लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॅट खातो. लाइट गेल्यावर भिस्त इन्व्हर्टरवर, आणि त्याची 12 व्होल्ट, 150 एएचची (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर 1800 वॅट-तासांची. इन्व्हर्टरमधली घट धरली तर चांगल्या स्थितीतही तीन-साडेतीन तासच मिळतात. जुनी असेल तर त्याच्या निम्मेही नाहीत. म्हणून बी टाइप सिलिंडर शेजारी हवाच. त्यात सुमारे 1500 लिटर गॅस असतो, म्हणजे मिनिटाला 2 लिटरने बारा तास आणि 5 लिटरने पाचच तास. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा. रात्री दोन वाजता लाइट गेल्यावर ती कपाटात शोधणं परवडत नाही.

फ्लोमीटरमधला मणी 5 वर दिसला म्हणजे पेशंटला पुरेसा ऑक्सिजन मिळतोय असं नाही. मणी फक्त प्रवाह दाखवतो. कॉन्सन्ट्रेटरमधला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) ओलाव्याने खराब झाला की प्रवाह तोच राहतो आणि शुद्धता घसरते. चांगलं मशीन 90 टक्क्यांच्या पुढे देतं. 82 च्या खाली आलेलं आम्ही परत आणतो. त्यासाठी ॲनालायझर (शुद्धता मोजणारं यंत्र) लागतो, आणि मशीन भाड्याने देणाऱ्याकडे तो आहे का हे विचाराच. ह्युमिडिफायरमध्ये (ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली) बुडबुडे दिसत नसतील तर आधी त्या बाटलीचं झाकण बघा. आटे चुकून बसलेले असतात. मशीन भिंतीला किंवा पडद्याला चिकटवू नका, फिल्टर दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा.

राइल्स ट्यूबच्या (नाकातून पोटात जाणारी नळी) फीडला डोकं 30 ते 45 अंश वर हवं, आणि फीडनंतर तासभर तसंच. एका वेळी 200-250 मिली, मागोमाग 30 मिली पाणी. ट्यूब तुंबते ती न गाळलेल्या पेजेने किंवा जाडसर कुटलेल्या गोळ्यांनी. नाकाजवळची खूण सरकली असेल तर फीड देऊ नये, फोन करावा. ट्रॅकिओस्टॉमीच्या (श्वासासाठी गळ्यात छिद्र करून ट्यूब बसवलेल्या) पेशंटच्या उशाशी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन जादा ट्यूब ठेवतो. सक्शन एका वेळी 10 ते 15 सेकंदच.

शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकचा पहिला डोस हॉस्पिटलमध्येच झालेला हवा, ही अट आम्ही कधीच सोडत नाही. ॲलर्जी पुढच्या डोसलाही येऊ शकते, म्हणून सिस्टरच्या पेटीत ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन) असतंच. पैसे वाचवण्यासाठी "मावशीच देतील इंजेक्शन" असं सुचवणारे घरोघरी भेटतात. मावशी अंग पुसतील, कूस बदलतील, भरवतील. सुईला हात लावणार नाहीत.

बीपी टिकवायला औषधाचा ड्रिप चालू असलेला पेशंट आम्ही घरी घेत नाही. रात्री घरात एकही धडधाकट माणूस नसेल, तर तेव्हाही पेशंट घेत नाही. यावर नातेवाईक रागावतात, कधी डॉक्टरही.

वापरलेल्या सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात आणि नळ्या लाल पिशवीत भरून आमचा माणूस परत आणतो. घंटागाडीत त्यातलं काहीही जात नाही.