तुम्ही विचारलंत म्हणून: मी वेयलरची बाजू घेते का?

स्पॅनिश शिकवते म्हटल्यावर कधी ना कधी क्यूबा निघतोच, आणि क्यूबा निघाला की कोणीतरी विचारतंच, मॅडम, क्यूबातलं बंड मोडायला स्पेनने पाठवलेल्या त्या जनरल वेयलरची बाजू तुम्ही का घेता, त्याला तर अमेरिकन पेपरवाले खाटीक म्हणायचे. नाही घेत मी बाजू. पण खाटीक म्हणून एका शब्दात विषय मिटवायलाही माझी तयारी नाही, आणि ते का हे आता एकदाच लिहून टाकते.

माणूस 1838 चा, माजोर्का बेटावरचा, लष्करी डॉक्टरचा मुलगा. सांतो दोमिंगोत, म्हणजे आजच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, लढून मोठं शौर्यपदक मिळवलं, मग क्यूबातलं दहा वर्षांचं युद्ध, मग कॅनरी बेटांचा कारभार, 1888 मध्ये फिलिपिन्सचा गव्हर्नर-जनरल. त्याच वर्षी डिसेंबरात मालोलोस गावातल्या 20 मुलींनी, आम्हाला स्पॅनिश शिकायला रात्रशाळा हवी, असा अर्ज थेट त्याच्या हातात दिला. गावच्या पाद्र्याचा विरोध होता तरी शेवटी परवानगी मिळाली, शाळा काही महिनेच चालली. आणि ह्याच माणसाने पुढे कालांब्यात जमीनमालक पाद्र्यांच्या बाजूने सैन्य पाठवलं, कुळांना घराबाहेर काढलं, त्यात फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिझाल ह्याचं कुटुंबही होतं. ह्यातला खरा वेयलर कुठला असं विचारू नका, दोन्ही खरे.

आता क्यूबा. स्पेनच्या राज्याविरुद्ध बंड पेटलं तेव्हा तिथे कॅप्टन-जनरल, म्हणजे स्पेनचा सर्वोच्च अधिकारी, होता मार्तिनेझ कांपोस. जुलै 1895 मध्ये त्याने स्पेनचा पंतप्रधान कानोवासला पत्र लिहिलं, त्याचा मतलब असा: खेड्यातली माणसं उचलून शहरात कोंडली तर बंड मोडेल, पण उपासमार भयानक होईल, सुसंस्कृत राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून मला ते जमणार नाही, हे करू शकेल असा माणूस म्हणजे वेयलर. हे पत्र मी वर्गात वाचून दाखवते ते ह्यासाठी की काय होणार हे माद्रिदला आधीच लेखी कळवलेलं होतं. कळूनही फेब्रुवारी 1896 मध्ये वेयलर हवानाला उतरला.

21 ऑक्टोबर 1896 चा हुकूम पिनार देल रिओ प्रांतासाठी होता. गावाच्या तटबंदीबाहेर राहणाऱ्या सगळ्यांनी आठ दिवसांत सैन्य असलेल्या गावात यायचं. नंतर बाहेर सापडेल तो बंडखोर. परवानगीशिवाय गावातून अन्न बाहेर न्यायचं नाही, गुरं गावात आणायची. हा सगळा तंबाखूचा मुलूख, आणि दिवस नेमके रोपं लावायचे, म्हणजे शेतकऱ्याने वाफ्यातली रोपं तशीच सोडून, बायकामुलं आणि हाताला लागेल ते घेऊन निघायचं. जायचं कुठे, तर लष्कराने मोकळ्या केलेल्या गोदामात नाहीतर उघड्यावर. लागवडीसाठी जमिनी द्यायचं ठरलं होतं, पण पेरून पीक हाताशी येईपर्यंत खायचं काय ह्याची सोय नव्हती. देवी, आमांश, हिवताप आणि मुख्य म्हणजे भूक. पुढच्या वर्षी हे इतर प्रांतांत पसरलं. मेले किती, तर आजच्या अभ्यासकांचे अंदाज दीड लाखाच्या वर जातात, आणि बेटाची वस्ती होती सोळा-सतरा लाख. दर दहा माणसांमागे एक.

पूर्वी मी वर्गात जोरात सांगायचे, की तो सैनिक होता, वरून आलेलं काम केलं, आणि बंडखोरांचा सेनापती माक्सिमो गोमेझही उसाचे मळे जाळतच होता, शहरात धान्य जाऊ देत नव्हता. ह्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण आठ दिवसांची मुदत गोमेझने दिली नव्हती, आणि माद्रिदने तो आठचा आकडाही ठरवला नव्हता, ती सही वेयलरची. शिवाय मार्तिनेझ कांपोसने नाही म्हणून दाखवलंच होतं, म्हणजे नाही म्हणता येत होतं. तरी तुम्ही त्याच्या नकाराचं कौतुक करायला लागलात की मी पुन्हा उलट बोलते, कारण स्वतः नाही म्हणताना नाव सुचवलं कोणी?

ऑगस्ट 1897 मध्ये कानोवासचा खून झाला, सरकार बदललं, ऑक्टोबरात वेयलरला परत बोलावलं. पुढे त्याने आपलं कसं बरोबर होतं हे सांगणारे जाडजाड खंड लिहिले, युद्धमंत्री झाला, 1930 पर्यंत जगला, त्याला जाब कोणी विचारला नाही.

आणि ज्या अमेरिकेने क्यूबातल्या भुकेल्यांसाठी म्हणून युद्ध पुकारलं, तिच्याच जनरल बेलने डिसेंबर 1901 मध्ये फिलिपिन्समधल्या बातांगास आणि लागुना प्रांतांत माणसं अशीच कोंडली, आणि कालांबा लागुनातच येतं. त्यामुळे कोणी मला वेयलर एकटाच राक्षस होता असं सांगितलं की मी भांडणारच. आणि तो बिचारा हुकुमाचा ताबेदार होता असं म्हणालात तरी भांडणार, आधी तो आठ दिवसांचा हुकूम वाचून या.