स्पितीच्या पाटाचं पाणी

दहिवडीच्या बाजूला वाढलेल्या माणसाला पर्जन्यछायेचा प्रदेश पुस्तकातून शिकावा लागत नाही. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि माणदेशाच्या डोक्यावरून कोरडेच पुढे जातात, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघत आलोय. म्हणूनच की काय, हिमाचलातल्या स्पितीत उतरल्यावर सोबतचे सगळे डोंगर बघत होते आणि माझी नजर पाटांवर खिळली होती. उघड्याबोडक्या मातकट उतारावर एकच बारीक हिरवी रेघ, आणि ती रेघ जिथे संपते तिथे गाव.

मी आणि माझा चुलतभाऊ जुलैच्या मध्यावर निघालो. चार वर्षांपूर्वी मनालीहून एका दिवसात काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव, गाठलं होतं. त्या रात्री डोकं असं ठणकलं, उलट्या अशा झाल्या की पुढचे दोन दिवस अंथरुणातच गेले. या खेपेला म्हणून शिमला-किन्नौरची लांबची वाट धरली: सराहन, कल्पा, नाको, ताबो, असं मुक्काम करत हळूहळू वर. किन्नौरात दरड कोसळल्याने चार तास एकाच वळणावर बसून काढले, पण काझाला उतरलो तेव्हा दोघांची डोकी शांत होती. रजा कमी असेल तर स्पितीतली दोन ठिकाणं गाळा, चढायचे दिवस मात्र कमी करू नका. काझा 3,700 मीटरच्या आसपास आहे, वरची गावं 4,400 च्या पुढे, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांच्या आतबाहेर असतो. कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे अंदाज येईल.

ताबोचा मठ 996 सालचा. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 चं. हा त्याहून साठेक वर्षांनी जुना, आणि तोही निव्वळ मातीचा. आतल्या अंधाराला डोळे सरावले की भिंतीवरच्या मूर्ती एकेक करून पुढे येतात. फोटो काढायला मनाई आहे, ते बरंच आहे. मातीच्या भिंती हजार वर्षं उभ्या राहिल्या, कारण इथे पाऊसच नाही. आमच्याकडे ज्या गोष्टीपायी गावं रिकामी झाली, तिनेच इथे हे सगळं राखलं, या विचाराने मी बराच वेळ तिथे बसून राहिले.

काझाहून जीपने लांगझाला गेलो आणि तिथे जीप सोडून दिली. लांगझा, हिक्किम, कोमिक, डेमुल, ल्हालुंग, धनकर अशी गावोगावी चालत जायची वाट आहे. गावातल्या घरातच राहायचं, तिथलंच जेवायचं. बहुतेक गाड्या यातली पहिली तीन गावं अर्ध्या दिवसात उरकून परत फिरतात. आम्हाला तेवढ्याला तीन दिवस लागले, आणि ते कमीच वाटले.

लांगझाच्या माथ्यावर बुद्धाची मोठी मूर्ती आहे आणि मागे 6,303 मीटरचं चाऊ चाऊ कांग निल्डा शिखर. पण या गावाची खरी दौलत पायाखाली आहे. संध्याकाळी घरमालकाच्या मुलासोबत ओढ्याच्या काठाने फिरत होते. त्याने एक काळा, लिंबाएवढा गोल दगड उचलून माझ्या हातावर ठेवला. तो आधीच मधोमध फुटलेला होता. दोन्ही अर्ध उघडली आणि माझ्या तोंडून ‘अगं बाई!’ निघून गेलं. आत चक्राची वेटोळी, वेटोळ्यावर बारीक आऱ्या. आमच्या देवघरात आजीच्या ताम्हनात हेच होतं. शाळिग्राम! रोज सकाळी तुळशीचं पान वाहून आजी त्याला पाणी घालायची.

नेपाळातल्या काली गंडकीत मिळणारे शाळिग्राम आणि लांगझाचे हे दगड एकाच जातीचे. टेथिस नावाच्या समुद्रातल्या अमोनाइट प्राण्यांचे हे शंख, साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीचे. प्राणी मेले, तळाच्या काळ्या गाळात गाडले गेले, गाळाचा खडक झाला. मग भारताचा भूखंड उत्तरेला सरकत येऊन आशियाला भिडला, समुद्र मिटला आणि त्याचा तळ उचलत उचलत इथवर आला. ज्या गावाला प्यायला बर्फाच्या वितळीवर विसंबावं लागतं, ते गाव समुद्राच्या तळावर वसलंय. दगड पिशवीत टाकायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण गाववाल्यांची हात जोडून विनंती असते की हे नेऊ नका, आणि कुणी विकायला आणले तरी घेऊ नका. मी तो होता त्याच जागी, दोन्ही अर्ध जुळवून ठेवला.

हिक्किमचं टपाल कार्यालय 1983 पासून चालू आहे. तिथून आईला पत्र टाकलं. ते घरी आलं तेव्हा आम्ही परतून आठवडा झाला होता. आईने अजून ते देवघराच्या फळीवर ठेवलंय. कोमिकचा मठ 4,500 मीटरच्या वर. तिथून डेमुलची चाल सर्वांत लांब आणि सर्वांत सुंदर. खिंडीच्या अलीकडे भरलांचा कळप दिसला, निळसर राखी मेंढ्या, दगडांत दगड होऊन उभ्या. त्यांनी मान वळवली म्हणूनच कळलं. वर गिधाडं इतक्या जवळून गेली की पंखांतून वाऱ्याचा आवाज ऐकू आला. दर वीस पावलांवर थांबत होतो. थांबण्यात लाज नाही. उलट थांबलं की दिसतं: खडकाच्या सावलीतली जांभळी फुलं, खाली पिन आणि स्पिती नद्यांची रुंद पात्रं.

पुढे धनकरचा कड्यावर लटकलेला मठ पाहिला, त्याच्या वरचं तळं पाहिलं, परतताना 4,551 मीटरवरची कुंझुमची खिंड ओलांडून चंद्रताल तळ्यापाशी एक रात्र तंबूत कुडकुडलो. सगळं देखणं, आणि त्याबद्दल इतर बऱ्याच जणांनी लिहिलंय. मला डेमुलबद्दल सांगायचंय.

डेमुलमध्ये पाहुणे पाळीपाळीने घरांना वाटून दिले जातात, म्हणजे एकाच घराची भर व्हायला नको. आमच्या वाट्याला आलेल्या घरातल्या आमांचं (इकडे आईला आमा म्हणतात) वय साठीच्या पुढचं. दुपारी त्यांनी सातूच्या पिठाची जाड भाकरी आणि लोण्याचा खारट चहा दिला, आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, ‘आज संध्याकाळी पाणी आमचं आहे.’

मी ताडकन उठले. पाण्याची पाळी! हा शब्द कुठल्याही भाषेत मला कळला असता.

इथलं पाणी उन्हावर चालतं. सकाळी ओढा करंगळीएवढा असतो. दिवसभर वर बर्फ वितळतं आणि ते पाणी दुपार टळल्यावर गावात पोचतं. या हिवाळ्यात बर्फ कमी पडलं, त्यामुळे प्रत्येक घराची पाळी आखडली, असं आमा सांगत होत्या. वाटाणा फुलावर होता, म्हणजे आत्ताच पाणी हवं.

शेतावर गेलो. बारके बारके वाफे, पायऱ्यांसारखे उतरत गेलेले. पाटाच्या तोंडाशी एक चपटा दगड आणि गवताचं ढेकूळ. माझे वडीलही पाटाचं तोंड असंच मातीने बुजवायचे. आमांनी खोरं माझ्या हातात दिलं. त्यांना वाटलं असणार शहरातली बाई फोटो काढेल आणि परत देईल. मी बूट काढले, सलवार वर खोचली आणि पाटात उतरले. पाणी इतकं गार की पोटऱ्यांत कळ गेली. दारं मोडलं, म्हणजे ढेकूळ काढून वाफ्याचं तोंड उघडलं. शेणाचे, काड्यांचे कण पुढे ढकलत पाणी वाफ्यात शिरलं, आणि भेगाळलेल्या मातीने ते पिताना तोच चुरचुर आवाज केला, जो आमच्या बाजरीच्या रानात येतो.

दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, बांधावर बसून बघत होता. ‘काकांना दाखवायला हवं होतं,’ एवढंच म्हणाला.

पहिला वाफा भरत आला तशी आमांकडे बघितलं. त्यांनी काही न बोलता हनुवटीने खालच्या वाफ्याकडे खूण केली. मी ढेकूळ पहिल्या तोंडात दाबलं, टाचेने घट्ट केलं, आणि दुसरं दारं मोडलं.