तिसऱ्या गिअरसाठी कॅम

साखरपा सोडून आंबा घाटाचा चढ लागला की आमची गाडी खोकायला लागायची. पहिला संशय पेट्रोलवर, दुसरा पॉइंटवर. पॉइंट, कंडेन्सर, प्लग, सगळं बदलून झालं. तरी तिसऱ्या गिअरमध्ये एक ठरावीक लय धरून मिसिंग करायचीच. दुसरा टाकावा तर इंजिन ओरडायचं आणि गाडी ओढायची नाही. मागून आंब्याच्या पेट्या उतरवून परतणारा रिकामा टेम्पो हॉर्न मारत पुढे निघून गेला, त्या दिवशी ठरवलं की आता बास.

गाडी १९६७ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन सीट, कापडी टप, १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. काका बोटीवर होते. त्यांनी ती मुंबईत एका परदेशी कचेरीतल्या साहेबाकडून घेतली आणि निवृत्त झाल्यावर रत्नागिरीला आणली. काकांच्या मागे ती माझ्याकडे आली ती पडवीत ताडपत्रीखाली, खाऱ्या वाऱ्याने क्रोमला पुटकुळ्या आलेल्या अवस्थेत. पत्र्याचं काम हा वेगळा विषय आहे, त्यावर बोललो तर रडायला येतं.

इथे हिला हात कोण लावणार ही चिंता होती. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, कमरेवर हात ठेवून मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, "ही तर ॲम्बॅसिडर रे!" मला राग आला होता, पण ते बरोबर होते. दोन्ही इंजिनं बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातली. जुन्या पेट्रोल ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं, तिथे बोअर ७३ मिलिमीटर, इथे ८०.२६; स्ट्रोक दोन्हीकडे तोच, ८८.९. चाळीस वर्षं ॲम्बॅसिडर खोललेल्या माणसाला यात नवखं काही नव्हतं. टॅपेट सेट करायला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप बसवायला, त्यांनी पुस्तक मागितलं नाही. नऊचा हिशोब त्यांच्या बोटांवर: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याचा गॅप बघायचा, सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसऱ्याचा, बेरीज नेहमी नऊ. गॅप पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग).

गॅप सगळे ठीक निघाले. तरी मेस्त्रींचं समाधान होईना. त्यांनी डायल गेज रॉकरवर टेकवला आणि मला पान्याने इंजिन हळूहळू फिरवायला सांगितलं. व्हॉल्व्ह मुळात सुमारे ३६४ थाऊ उचलायला हवा. सात व्हॉल्व्ह साडेतीनशेच्या आगेमागे होते. सहावा, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा इनलेट (हवा-पेट्रोल आत घेणारा), २७० वर थांबला. साइड कव्हर काढून टॅपेट, म्हणजे कॅमवर टेकणारा तुकडा, बाहेर घेतलं तर त्याच्या तळाला नखाएवढा खड्डा. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारा दांडा; त्याचा लोब, म्हणजे उंचवटा, झिजून बोथट झालेला. तिसरं सिलिंडर अर्ध्या श्वासावर चाललं होतं.

म्हणजे कॅम नवा हवा, आणि नवाच घालायचा तर जरा "गरम" का नको? इथून माझी हाव सुरू झाली.

मूळ कॅमचे आकडे साधे आहेत. पिस्टन वर पोचण्याआधी क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) १६ अंशांवर इनलेट उघडतो, पिस्टन खाली जाऊन परत ५६ अंश वर आल्यावर मिटतो, म्हणजे एकूण २५२ अंश उघडा. कॅटलॉगमध्ये याच्या वरच्या पायऱ्या होत्या: २७०, २८५ आणि पुढे शर्यतीचे. आकडा वाढला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो, वरच्या फेऱ्यांत इंजिन मोकळा श्वास घेतं आणि ताकद वाढते. मी रात्री जागून २८५ वर खूण करून ठेवली. सायलेंसरमधून येणारी ती घडघड मला तेव्हाच ऐकू येत होती. पुतण्याचंही तेच म्हणणं, कारण त्याला व्हिडिओ काढायचा होता.

मेस्त्रींनी कॅटलॉग उलटा धरून पाहिला, सुलटा केला आणि एकच विचारलं, "तू गाडी किती फेऱ्यांवर चालवतोस?"

मला सांगता येईना. खरंच माहीत नव्हतं. मग एका रविवारी पुतण्याला वही देऊन शेजारी बसवला. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, प्रत्येक किलोमीटरला टॅकोमीटरचा (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा) काटा कुठे आहे ते लिहायचं. पुढच्या रविवारी तेच आंबा घाटात, खोकत खोकत. (घाटात अक्षर असं आलंय की दोन पानं त्याला स्वतःलाच वाचता आली नाहीत.) वहीत काय निघालं? किनाऱ्याच्या रस्त्यावर काटा बहुतेक वेळ १८०० ते ३२०० मध्ये. एकदा ३९००, ते एका एसटीला ओलांडताना. घाटात १७०० ते ३४००. पाच हजार? दोन्ही रविवार मिळून शून्य वेळा.

गिअरचं गणित मांडलं तेव्हा कारण कळलं. टॉपमध्ये हजार फेऱ्यांना ही गाडी साधारण २९ किलोमीटरच्या वेगाने जाते, तिसऱ्यात २१, दुसऱ्यात १३. म्हणजे हायवेवर ऐंशीला काटा २८०० च्या आत. घाटातलं नागमोडी वळण दुसऱ्यात पंचविसाने घेतलं तर १९००. आणि २८५ वाल्या कॅमची मजाच मुळी अडीच हजारांच्या पुढे सुरू होते. वळणातून बाहेर पडताना, जिथे मला ओढ हवी, तिथे तो झोपलेला असणार. तो जागा होईपर्यंत पुढचं वळण आलेलं असणार, किंवा म्हैस.

दुसरी अडचण हेडमध्येच आहे. या इंजिनात चार सिलिंडरना इनलेटची दोनच भोकं आहेत. पहिलं-दुसरं एकात, तिसरं-चौथं एकात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगीचा क्रम, १-३-४-२, त्यामुळे जोडीतले दोघे लागोपाठ श्वास घेतात आणि मग बराच वेळ दोघेही गप्प. मूळ कॅमवर दोघांचे व्हॉल्व्ह एकाच वेळी ७२ अंश उघडे असतात, २८५ वर १०५ अंश. एका शहाळ्यात दोन नळ्या घालून दोन भावांनी ओढावं तसं. हळू ओढताना एकाच्या वाट्याचं दुसरा पळवणार. म्हणूनच एक भोक–एक सिलिंडर असलेल्या इंजिनांच्या कॅमचे आकडे वाचून या इंजिनासाठी कॅम निवडू नये. मी आधी तेच करत होतो.

मग मूळचाच २५२ का नाही? हा प्रश्न मेस्त्रींचा, आणि रास्त. माझ्या बाजूने उत्तर असं होतं की इनलेट थोडा उशिरा मिटला तर खालच्या फेऱ्यांत सिलिंडरमधला दाब किंचित कमी होतो. आमची ८.८ ची कॉम्प्रेशन, मे महिन्यातला कोकणचा उकाडा आणि चढावर तिसरा गिअर, या तिघांच्या भेटीत इंजिन टकटक करतं. ती थोडी कमी होईल. शिवाय हायवेला ओव्हरटेक करताना वर थोडा जीव हवाच. मेस्त्री म्हणाले, "म्हणजे तुझी हौस." हो, तीही. २७० वर तह झाला.

खर्च वाचवायला आधी जुनाच कॅम घेऊन कोल्हापूरला गेलो. उद्यमनगरात लोखंडाचं काय करून मिळत नाही! तिथल्या ग्राइंडिंगवाल्यांनी लोब मापला आणि परत हातात दिला. बोथट लोबला आकार द्यायचा तर बाकीचेही तेवढेच खाली घासावे लागतील आणि वरचा कडक थर निघून जाईल, सहा महिन्यांत परत याल म्हणाले. एक रुपया न घेता खरं सांगितलं. मग कॅम, आठ टॅपेट, डुप्लेक्स (दुपदरी) टायमिंग चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट इंग्लंडहून मागवली. टॅपेटवर पैसे वाचवू नका. टॅपेटचा तळ अगदी सपाट नसतो, किंचित फुगीर असतो आणि लोबलाही बारीक उतार असतो. त्यामुळे टॅपेट चालता चालता स्वतःभोवती फिरतं. जुनं, खड्डा पडलेलं टॅपेट फिरत नाही. ते नव्या कॅमलाही खाणार.

पार्सल यायला दीड महिना लागला. फेब्रुवारी उजाडला. मार्च लागला की मेस्त्रींना आंब्याच्या टेम्पोंमधून मान वर काढता येत नाही, म्हणून तीन आठवडे हातात होते.

इंजिन उतरवलं, रिंगाही बदलल्या, त्याचं काही विशेष नाही. विशेष झालं ते टायमिंगला, म्हणजे कॅम आणि क्रँकची सांगड घालताना. स्प्रॉकेटवरच्या खुणा समोरासमोर आणून चेन चढवली की झालं, असं मला वाटत होतं. कॅमबरोबरच्या कार्डावर लिहिलं होतं की पहिल्या सिलिंडरचा इनलेट टीडीसीनंतर (पिस्टन अगदी वर असतो त्या क्षणानंतर) १०७ अंशांवर पूर्ण उचलला गेला पाहिजे. झेरॉक्सच्या दुकानात ३६० अंशांचं चक्र छापून घेतलं, पत्र्यावर चिकटवलं, क्रँकच्या नाकावर बसवलं. पूर्ण उचल नेमकी कुठे हे थेट कळत नाही, माथ्यावर गेजचा काटा बराच वेळ हलत नाही. म्हणून चढताना माथ्यापासून ५० थाऊ खाली असताना एक वाचन घ्यायचं, उतरताना तेवढ्यालाच दुसरं, आणि मधला आकडा धरायचा. ८३ आणि १४३ आले. मध्य ११३.

सहा अंश उशीर. खुणा तंतोतंत जुळलेल्या, चेन कोरी, तरीही. असाच बंद केला असता तर इनलेट सहा अंश उशिरा मिटला असता, खालचा पिकअप गेला असता आणि मी कॅमला शिव्या देत बसलो असतो. निम्म्या लोकांची "हा कॅम बेकार" ही तक्रार इथूनच येत असावी असा माझा संशय आहे.

क्रँकचे सहा म्हणजे कॅमचे तीन अंश. मेस्त्रींनी पोलादाच्या तुकड्यातून पायरी असलेली वुडरफ की (स्प्रॉकेट दांड्यावर अडकवणारी चावी) कानशीने घासून काढली, दुपारभर, गेजने मापत. मी ती बसवली. वाचन ११९! उलटी बसवली होती. मेस्त्री काही बोलले नाहीत, नुसता हात पुढे केला. फिरवून बसवली, १०७.

कोऱ्या कॅमची पहिली वीस मिनिटं फार महत्त्वाची. इंजिन सुरू झालं की लगेच दोन ते अडीच हजारांवर धरायचं, स्लोवर सोडायचं नाही, कारण या कॅमला तेल उडून मिळतं आणि कमी फेऱ्यांत ते पुरेसं उडत नाही. लोबला मॉलीची वंगण पेस्ट फासलेली. तेल २०डब्ल्यू-५०, झेडडीडीपी जास्त असलेलं. हे जस्त-फॉस्फरसचं संयुग लोब आणि टॅपेटमध्ये थर धरतं. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या तेलात ते कमी केलेलं असतं, त्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते बाधतं म्हणून. उभ्या गाडीत इंजिन तापू नये म्हणून मंडपवाल्याचा मोठा पेडेस्टल पंखा आणून रेडिएटरसमोर लावला. आजूबाजूची पोरं जमली. मी स्टार्टर दाबला.

फाट्! कार्बोरेटरमधून जाळ आला, शेजारच्या कोंबड्या माडाच्या अळ्यातून उडाल्या. मी परत स्टार्टरकडे हात नेला तसे मेस्त्री ओरडले, "सोड! पेस्ट पुसून जाईल!" डिस्ट्रिब्युटरचा (ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) ड्राइव्ह मी बसवला होता, बरोबर अर्धा फेरा चुकवून. पहिल्या सिलिंडरची ठिणगी चौथ्याला मिळत होती. वायरी अदलाबदल करून चाललं असतं, पण मेस्त्रींनी ड्राइव्ह बाहेर काढून नीट बसवायला लावला. दुसऱ्या वेळी इंजिन लागलं. वीस मिनिटं मी ॲक्सिलरेटर धरून उभा, पुतण्या काट्यावर नजर ठेवून, मेस्त्री कान लावून.

कार्बोरेटरचं काम उरलं होतं आणि त्यात आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं; जुन्या सेटिंगवर गाडी लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते. जेटमधल्या मूळच्या सुया काढून ६ नंबरच्या, रिच बाजूच्या घातल्या. रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या. मग नेहमीची परीक्षा: एसयू कार्बोरेटरमधला पिस्टन खालून अगदी केसभर उचलायचा. फेऱ्या क्षणभर वाढून परत बसल्या तर बरोबर, वाढून तशाच राहिल्या तर रिच, इंजिन बसलं तर लीन. जेटचा नट दोन फ्लॅट (षटकोनी नटाच्या दोन बाजू) खाली गेल्यावर जमलं. स्लो आधी ७०० वर शांत असायचा, आता ८५० वर ठेवावा लागतो. घडघड म्हणावी अशी नाही, नुसती बारीक हुळहुळ आहे. पुतण्या नाराज आहे.

पण साखरप्याच्या पुढे चाळिसाच्या वेगाला, तिसऱ्यात, काटा १९०० वर असताना पाय दिला आणि गाडी निघाली. जोरात नाही, पण ओढत, न खोकता. आंब्याच्या वरपर्यंत दुसरा गिअर चार वेळाच लागला.

पाचशे किलोमीटर झाल्यावर परत टॅपेट बघायला गेलो, तेव्हा हंगाम ऐन भरात होता. नऊचा हिशोब या वेळी मी केला. मेस्त्री एका टेम्पोच्या गिअरबॉक्सशी झटत होते, मान न वळवता नुसते आकडे ऐकत होते. पंधरा, पंधरा, चौदा, पंधरा, पंधरा. सहाव्याशी आलो तसे हात पुसत उठले, माझ्या हातातून गॅप मापायचा फिलर घेतला आणि तो गॅप स्वतः घालून पाहिला.