लेन्स किती आणि कपडे किती

केनियातल्या मसाई माराला जायचं ठरलं की ईटीए (केनियात शिरायची ऑनलाइन परवानगी), पिवळ्या तापाची लस, विमानाची तिकिटं ही कामं पटापट उरकतात, कारण त्यात आपल्याला डोकं चालवायचंच नसतं, लस घ्या म्हटलं की घ्यायची, फॉर्म भरा म्हटलं की भरायचा. खरा घोळ सुरू होतो तो कॅमेऱ्याची बॅग भरायला घेतली की. तोपर्यंत ग्रुपवर नुसतं "सिंह बघायचाय, चित्ता बघायचाय" चाललेलं असतं आणि मग कुणीतरी सहज पिल्लू सोडतं, "६०० नेताय की ४०० वर भागवताय?" म्हणजे लेन्स किती एमएमची, आकडा मोठा तितका लांबचा प्राणी जवळ दिसणार. झालं, पुढचा पंधरवडा दुसरा विषय नाही.

आता आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींचा वाइल्डलाइफचा श्रीगणेशा ताडोब्यात झालेला असतो. तिथे काय, रस्ता सोडायचा नाही, दोन्ही बाजूला बांबू, वाघ दिसलाच तर एकतर रस्त्यावरून थेट जिप्सीकडे चालत येतोय नाहीतर गवतात नुसता कान हलतोय आणि मागे वीस गाड्या. त्या कानापायी माणूस ६०० एमएमची लेन्स घेतो आणि मग ती डोक्यात पक्की बसते. मारात बांबू नाही आणि आडोसाही नाही. उघडं माळरान, आणि सिंहांना गाड्यांचं सोयरसुतक नाही, गाडी जवळ जाऊन उभी राहिली तरी तो कूस बदलून परत झोपतो. तेव्हा ६०० मधून बघितलं तर नुसतं नाक आणि मिशा. बरं, सिंह लांब असला तर? सकाळचे नऊ-दहा वाजले, जमीन तापली की हवा अशी थरथरायला लागते की कितीही महागाची लेन्स लावा, फोटोत सिंह पाण्याखाली बसल्यासारखा दिसतो. लांबच्या प्राण्याला लांबची लेन्स हे गणित कागदावर बरोबर आहे, फक्त मधली हवा कुणी त्यात धरत नाही.

तरी ६०० सोडवत नाही ते नाहीच. माझ्याकडे निकॉनची १८०-६०० आहे आणि ती घरी ठेवून आफ्रिकेला जायचं हा विचार जरी आला तरी छातीत धडधडतं. शिवाय ती झूम आहे, १८० पासून सुरू होते, म्हणजे सिंह जवळ आला तरी अगदीच हात चोळत बसावं लागत नाही. सरळ ६०० एफ४, म्हणजे झूम नसलेली भली मोठी लेन्स, घेऊन येणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, मत्सरही आहे, पण हत्ती चालत चालत गाडीच्या बॉनेटपाशी आला की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

पण हे सगळं लेन्सपुराण म्हणजे निव्वळ चैन आहे, खरा निर्णय घेतं ते विमान. नैरोबीहून मारात जायला दोन वाटा, एक नारोकवरून गाडीने, पाच-सहा तास, शेवटी शेवटी हाडं खिळखिळी करणारा रस्ता, आणि दुसरी विल्सन विमानतळावरून छोट्या सेस्ना विमानाने, साधारण पाऊण तासात गवताच्या धावपट्टीवर. या विमानात माणशी १५ किलो, तेही हातातली बॅग धरून, आणि बॅग मऊ पाहिजे, चाकांची कडक ट्रॉली त्यांच्या सामानाच्या खणात बसत नाही. आणि त्याच्या आधी मुंबईहून निघतानाच केबिन बॅगेचा ७ किलोचा अडसर असतोच. चेक-इनमध्ये कॅमेरा टाकायचा धीर माझ्यात नाही, कन्व्हेयरवर बॅगा कशा आपटतात ते सगळ्यांनी बघितलंय.

मग एके दिवशी मी हुकवाला काटा काढला आणि जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. झेड८ बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय नुसता कॅमेरा, ९१० ग्रॅम. १८०-६०० लेन्स, ट्रायपॉडला बसवायच्या कॉलरसकट, २१४०. दुसरी बॉडी झेड६ टू ७०५. ७०-२०० एफ २.८ म्हणजे १४४०. २४-१२० ही ६३०. झाले ५८२५ ग्रॅम, आणि अजून चार्जर नाही, बॅटऱ्या नाहीत, लॅपटॉप नाही. आणि हे सगळं ज्या बॅगेत भरायचं ती चांगली जाड फोमची फोटोबॅग रिकामीच दोन किलोच्या आसपास भरते! म्हणजे सात किलोत दोन किलो नुसता फोम. बायको चहा घेऊन आली, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि कपडे काय, लेन्सच गुंडाळणार आहेस का अंगाला?"

मी तिला म्हटलं, तुझ्या १५ किलोत थोडी जागा असेल ना. तर म्हणे, "माझे पंधरा माझे." विषय संपला.

मग काय काय गाळायचं यावर आलो, आणि त्यात सगळ्यात आधी ट्रायपॉड गेला. याला ग्रुपवर फार विरोध झाला, कारण ट्रायपॉडशिवाय फोटोग्राफर म्हणजे जानव्याशिवाय भटजी अशी काहींची समजूत असते. पण सफारीच्या लँड क्रूझरमध्ये ट्रायपॉड उभा कुठे करणार? गाडीतून उतरायची परवानगी नाही, छत वर उचललेलं असतं, आत चार माणसं उभी, आणि कुणी एकाने नुसतं वजन या पायावरून त्या पायावर टाकलं तरी सगळी गाडी हलते. तिथे चालते ती बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी. ती जाताना रिकामी न्यायची, कॅम्पवर तांदूळ नाहीतर राजमा मागून भरायची, आणि निघताना परत त्यांच्या स्वयंपाकघरात ओतून यायचं. माझी मी आमच्या इथल्या शिंप्याकडून जुन्या जीन्सच्या पायाची शिवून घेतली, एका बाजूला मोठी चेन, भरायला सोपी. त्याने दोनदा विचारलं, "साहेब, उशी आहे की पिशवी?" रिकामी असताना वजन नावाला, आणि छताच्या कडेवर टाकून लेन्स तिच्यात रुतवली की ट्रायपॉड झक मारतो.

ट्रायपॉड रात्रीच्या ताऱ्यांसाठी न्यावा असं एका मित्राचं म्हणणं, आणि त्यासाठी १४-२४ ही वाइड लेन्स पण. आकाशगंगा म्हणे तिथे फार सुंदर दिसते. दिसते, पण मारातल्या बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं, रात्री तंबूतून जेवायच्या जागेपर्यंत जायचं तरी सोबत पहारेकरी घ्यावा लागतो. त्या बिचाऱ्याला शेजारी उभं करून मी तीस-तीस सेकंदांची एक्स्पोजरं देत बसू, आणि पलीकडे पाणघोडा चरायला आलेला? मला नाही जमायचं. वाइड लेन्स कटाप. त्या न्यायाने २४-१२० पण कटाप, कारण सूर्यास्त, तंबू, चुलीवरचा नाश्ता आणि ग्रुपफोटो हे सगळं मोबाईल हल्ली झकास काढतो, आणि ताडोब्यात मोबाईलवर बंदी असते तशी तिथे भानगडही नाही.

दुसरी बॉडी मात्र मी सोडली नाही. यावर खूप जण म्हणाले की अरे ७०० ग्रॅम वाचतील. पण तिथली धूळ बघितलेल्या माणसाला विचारा. बारीक, पिठीसारखी, गाडी थांबली की मागून येऊन अलगद आत शिरते, आणि अशा वेळी लेन्स बदलायची म्हणजे सेन्सर उघडा टाकून धुळीला या बसा म्हणायचं. शिवाय वेळ कुठे असतो. नदी ओलांडायला विल्डबीस्टचे (गाईसारखं तोंड असलेल्या आफ्रिकन हरणांचे) कळप काठावर येतात, उभे राहतात, परत मागे फिरतात, तासन् तास हाच खेळ, गाड्या लांब थांबलेल्या, आणि पहिल्याने उडी टाकली की सगळे ड्रायव्हर एकदम गाड्या काठाकडे सोडतात आणि मग पुढची काही मिनिटं कुणी कुणाचं नसतं. तेव्हा लांबून मगर टिपायची का सगळा धुळीतला उतार एका चौकटीत घ्यायचा हे त्या क्षणाला ठरतं. एका बॉडीवर ६००, दुसरीवर ७०-२००, आणि घरी येईपर्यंत दोन्ही बॉडीवरून लेन्स काढायची नाही. माझ्या मते क्रॉसिंगचे चांगले फोटो ७०-२०० चेच असतात, एका प्राण्याचं तोंड मोठं करून काढण्यापेक्षा ती झुंबड दिसली पाहिजे.

आणि एफ २.८ पहाटे लागतंच, एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त. मारा विषुववृत्ताला इतकं लागून आहे की वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि तसाच सरळ वर चढतो, आपल्यासारखा रेंगाळत नाही. तो सोनेरी उजेड म्हणतात तो आला आला म्हणेपर्यंत गेलेला असतो. त्याच्या आधीच्या अंधुकात एफ ६.३ घेऊन बसलं की आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, कुठच्या कुठे वाढवावी लागते आणि फोटोत दाणेदार नॉइज येतो. नॉइज काढणारी सॉफ्टवेअरं आलीत हे खरं, पण सगळंच घरी येऊन कॉम्प्युटरवर करायचं तर पहाटे उठायचं कशाला.

धुळीवरून आठवलं, आपली सवय कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ते ती गांभीर्याने घेतात, त्यामुळे ड्यूटी फ्रीची पिशवीसुद्धा घेऊन उतरू नका. त्यापेक्षा उशीचे जुने अभ्रे. मऊ सुती, धुतलेले, कॅमेरा लेन्ससकट आत जातो, धूळ अडते आणि वजन शून्य. आईच्या जुन्या सुती साडीचा एक तुकडा पण घेतलाय, लेन्सच्या बाहेरची धूळ पुसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही (काचेला मात्र नाही लावायचा, काचेला आधी ब्लोअर). ड्रोनचा मोह असेल तर तोही घरीच ठेवा, तिथे परवान्याशिवाय चालत नाही.

बॅटऱ्यांचं बरंय, त्या वजनाला हलक्या. नियम एवढाच की सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकायच्या नाहीत, केबिनमध्येच, आणि १०० वॉट अवरच्या आत. कॅमेऱ्याची बॅटरी १६ ची, २०,००० एमएएचची पॉवरबँक साधारण ७४ ची, म्हणजे काळजी नाही. कॅम्पमध्ये वीज बऱ्याचदा ठरावीक वेळेलाच असते आणि प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा, तेव्हा एक अडॅप्टर आणि त्याला जोडायला एक घरचं एक्स्टेन्शन, म्हणजे एका प्लगवर सगळं. हे एक्स्टेन्शन नेणारा माणूस ग्रुपमध्ये सगळ्यात लोकप्रिय होतो, बघा करून.

लॅपटॉपवरून मात्र मी बरेच दिवस इकडे-तिकडे करत होतो. झेड८ सेकंदाला वीस रॉ (प्रक्रिया न केलेले, मोठ्या फाइलचे) फोटो मारतो, म्हणजे चित्ता पळाला आणि दहा सेकंद बोट दाबून धरलं की दोनशे फोटो, त्यातले एकशे नव्वद सारखेच. कार्डं भरणार. पण लॅपटॉप दीड किलोचा, त्याचा चार्जर वेगळा, आणि रात्री जेवून आल्यावर तंबूत फोटो निवडत बसलं की पहाटे पाचला उठवत नाही. शेवटी जास्तीची कार्डं घेतली, लॅपटॉप राहिला घरी.

हो, आणि निघायच्या दिवशी विमानतळावर जरा लवकर जाऊन कस्टम्सकडून सगळ्या सामानाचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यायचं, सिरीयल नंबर आणि बिलांच्या झेरॉक्स जवळ ठेवून. नाहीतर परत येताना एवढ्या मोठ्या लेन्सकडे बघून कुणी विचारलं की ही कुठे घेतली, तर रात्री तीन वाजता तिथे काय सिद्ध करत बसणार.

एवढं सगळं करून फोमची बॅग बाद केली, साधी कापडी सॅक घेतली, लेन्सला टॉवेल आणि टी-शर्ट गुंडाळले, म्हणजे बायकोचं म्हणणं उलट्या बाजूने खरं झालं. काटा आता ७ च्या जरासा वर थांबतोय. पण मारा समुद्रसपाटीपासून १५०० मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या गाडीत चांगली हुडहुडी भरते, म्हणून जाड जॅकेट लागतंच, आणि ते अंगावर घातलं की त्याचं वजन सहसा कुणी करत नाही. जॅकेटला दोन मोठे खिसे आहेत. एकात ७०-२०० बरोबर बसते, मी घालून, आरशात बघून आलो, थोडा वाकडा दिसतो पण चालेल. दुसऱ्यात बॅटऱ्या आणि चार्जर टाकायचे ठरवले होते, तर बायकोने कालच तिची दुर्बीण त्यात ठेवून दिली.