ड्युअल बूट लॉग: मेलेला सेल, साडेपाच तास आणि गायब वायफाय

आधी मशीन सांगतो म्हणजे पुढचं कळेल. असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, आयथ्री सेव्हन्थ जेन प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एकच एसएसडी आणि त्यावर विंडोज १० आणि लिनक्स मिंट २२ दोन्ही (हेच ड्युअल बूट, चालू करताना एक निवडायची), शिवाय एक जुनी एक टीबीची हार्ड डिस्क एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत), ती दोघांनाही लागते. मिंट माझं, विंडोज दादाचं. दादा म्हणजे चुलत भाऊ, डीटीपी करतो, दशावताराची हँडबिलं, पूजेच्या पत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, आणि त्याच्या सगळ्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, त्यामुळे विंडोज काढून टाक असं त्याला सांगण्यात अर्थ नाही. मशीन देवगड तालुक्यात, घराच्या पडवीत, खाडी अगदी जवळ. खारी हवा म्हणजे काय ते कोकणातल्यांना सांगायला नको, स्क्रू सुद्धा गंजतात.

तर वळवाच्या पावसात रात्री जोरात विजा झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दादाने मशीन लावलं तर ग्रबचा मेनू, म्हणजे कुठली सिस्टम हवी ते विचारणारी यादी, आलाच नाही, थेट विंडोज. बरं विंडोज आलं तर तारीख १ जानेवारी २०१८, आणि ब्राउझरमध्ये कुठलीही साइट उघडली की कनेक्शन प्रायव्हेट नाही म्हणून लाल पाटी. त्याने वैतागून शट डाऊन केलं, मी आलो, चालू करून एफ११ दाबून बूट लिस्टमधून मिंट उचललं (लिस्टमध्ये त्याचं नाव उबुंटू असंच दिसतं, मिंटवाल्यांना माहीत असेल, नवीन माणूस तिथेच गोंधळतो). मिंट आलं पण वायफाय नाही, म्हणजे नेटवर्क दिसत नाहीत असं नाही, वायफायचं कार्डच नाही. आणि हार्ड डिस्क उघडते पण रीड ओन्ली, काही सेव्हच होत नाही.

दादाचा निकाल तयारच होता: "तुझ्या त्या लिनक्सान माझो विंडोज खाल्ल्यान!"

आता इतकी लक्षणं एकदम आली की पहिला विचार सगळं फॉरमॅट मारायचाच येतो, आणि आमच्याकडे कोणालाही विचारलं तर सल्ले दोनच मिळतात, रॅम काढून खोडरबरने घास नाहीतर फॉरमॅट मार. मी दोन्ही केलं नाही कारण एक गोष्ट लक्षात आली होती. आदल्या रात्री मशीन नुसतं बंद नव्हतं, प्लगच काढलेला होता. आमच्याकडे आभाळ गडगडायला लागलं की आई आतूनच ओरडते, "आधी प्लग काढ रे!" टीव्ही, राउटर, कॉम्प्युटर सगळ्याचे निघतात. मृगाच्या आधी आणि मग परतीच्या पावसात हस्तात असं हे चालतं, मधल्या धो धो पावसात विजा तशा कमी.

मदरबोर्डावरचं घड्याळ प्लग लावलेला असताना एसएमपीएसच्या (पेटीतल्या पॉवर सप्लायच्या) स्टँडबाय करंटवर चालतं, मशीन बंद असलं तरी. प्लग काढला की सगळा भार त्या गोल सेलवर, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड म्हणून तो नंबर. म्हणजे सेल मेलेला असला तरी प्लग लावलेला आहे तोवर कळतच नाही, कित्येक महिने कळणार नाही, आणि मग पहिल्या विजेच्या रात्री एकदम सगळं उघडं पडतं. शहरात ज्यांचा प्लग वर्षभर लावलेला असतो त्यांना हे लवकर भेटत नाही.

पण खरी मजा मिंटने केली. विंडोजमध्ये २०१८ दिसत होतं तर मिंटमध्ये तारीख चक्क कालची होती, वेळ काल रात्री मी बंद केलं तेव्हाची! त्यामुळे मला आधी वाटलं सेल ठीक आहे, विंडोजचंच काहीतरी बिघडलंय. जर्नल, म्हणजे मिंटची नोंदवही, बघितलं तेव्हा उलगडा झाला, तिथे सिस्टमडीच्या टाइमसिंकची (वेळ नेटशी जुळवणारा भाग) ओळ होती की घड्याळ मागे गेलेलं दिसतंय, जतन केलेल्या वेळेवरून परत लावतोय. म्हणजे टाइमसिंक शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर एका फाइलमध्ये ठेवतो आणि बूट होताना बोर्डाचं घड्याळ त्याच्याही मागचं निघालं तर त्या फाइलची वेळ धरतो. चांगली सोय आहे, पण तपास करताना पुरावा झाकला जातो. त्यामुळे सेलचा संशय असेल तर डेस्कटॉपवरची वेळ बघूच नका, एचडब्ल्यूक्लॉक ही कमांड चालवून बोर्डाची वेळ बघा, नाहीतर सरळ बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन बघा.

यात आणखी गुंता म्हणजे आमच्या मशीनवर वेळेचा घोळ पहिल्यापासूनच होता. मिंटमध्ये नेटवरून वेळ लागली की पुढे विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे. दादाने टास्कबारकडे बघणं सोडून दिलं होतं, भिंतीवरचं घड्याळ बघायचा. त्यामुळे वेळ चुकीची दिसली तरी नेहमीचंच असेल असं सगळ्यांना वाटायचं.

हे साडेपाच तास कुठून येतात ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विंडोज बोर्डाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतो, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतो, आणि आपली वेळ यूटीसीच्या पाच तास तीस मिनिटं पुढे. लिनक्सचं घड्याळ नेटशी जुळलेलं असेल तर कर्नल (सिस्टमचा गाभा) दर ११ मिनिटांनी ती वेळ बोर्डात लिहीत राहतो, यूटीसीमध्ये. मग विंडोज येतो, ती वेळ इथलीच समजून दाखवतो. उलटंही होतं, विंडोजने इथली वेळ लिहिली की लिनक्स त्यावर आणखी साडेपाच तास चढवतो, फक्त नेट मिळालं की सुधारतो म्हणून आपल्याला जाणवत नाही. एकाच दुकानावर दोन भाऊ बसवलेत आणि दोघं वेगवेगळ्या वहीत जमाखर्च लिहितायत, तसला प्रकार. तर फरक बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर ते दोन सिस्टमचं भांडण, सेलला हात लावू नका. फरक वाटेल तेवढा असेल किंवा वर्षच बदललं असेल तर सेल. आमच्याकडे दोन्ही एकावर एक होते.

पेटी उघडली. मल्टिमीटरवर सेल २.३ व्होल्ट. नवा साधारण तीनच्या वर दाखवतो. एक सांगून ठेवतो, हे लिथियमचे सेल शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवतात आणि मग धाडकन पडतात, त्यामुळे २.९ दाखवतोय म्हणून तो अजून वर्षभर जाईल असं नाही. नवा आणतानाही मीटर घेऊन जा, गावात पाकीट किती वर्षं पडून असेल सांगता येत नाही. होल्डरच्या पत्तीवर पांढरट हिरवा थर होता, हवेचा प्रताप, तो आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि कान कोरायच्या काडीने पुसला. नुसता सेल बदलून हा थर तसाच ठेवला असता तर संपर्क नीट झालाच नसता.

आता बाकीच्या लक्षणांकडे. सेल गेला म्हणून बायॉसची सेटिंग डिफॉल्टला गेली आणि तिथून पुढे सगळी माळ लागली. आमच्या बोर्डाच्या डिफॉल्टमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला आणि सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू. ग्रब उडालेला नव्हताच! तो ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कवरचा बूटच्या फाइलींचा भाग) जागच्या जागी होता, बूट लिस्टमधली त्याची एन्ट्रीही शाबूत होती कारण त्या एन्ट्री फ्लॅश चिपमध्ये असतात, सेलच्या जिवावर नसतात, फक्त क्रम बदलला होता. त्यामुळे मेनू दिसला नाही की लगेच लाइव्ह यूएसबी लावून ग्रब रिपेअर करत बसू नका, आधी बूट लिस्ट उघडून बघा, मिंटमध्ये जाता येत असेल तर ईएफआयबूटएमजीआर ही कमांड क्रम दाखवते आणि बदलूनही देते.

वायफायचं कोडं मला सगळ्यात जास्त आवडलं. माझं वायफाय यूएसबी डोंगलवर आहे, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, डीकेएमएस नावाच्या सोयीने बाहेरून कंपाइल केलेला. मिंट टाकलं तेव्हा सिक्युअर बूट बंद होतं म्हणून तो मुकाट चालत होता. आता सिक्युअर बूट चालू झाल्यावर मिंट स्वतः सहीवालं असल्याने बूट झालं, कर्नलही सहीवाला, पण हा ड्रायव्हर बोर्डाच्या ओळखीच्या किल्लीने सही केलेला नाही म्हणून कर्नलने आत घेतला नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) किल्ली नाकारल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. मग वायफाय नाही म्हणून नेट नाही, नेट नाही म्हणून वेळ जुळत नाही. फोन यूएसबीने लावून टेदरिंग केलं तर लगेच वेळ बरोबर.

इथे सोपा मार्ग म्हणजे बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट परत बंद करणे, दोन मिनिटांचं काम. पण मी ठरवलं की तसं करायचं नाही. सेल आज बदलला तरी चार-पाच वर्षांनी तो परत मरणारच, तेव्हा बोर्ड परत डिफॉल्टला जाणार, आणि मी इथे नसलो तर दादा परत लिनक्सच्या नावाने खडे फोडणार. त्यामुळे सेटिंग डिफॉल्टला गेली तरी दोन्ही सिस्टम चालल्या पाहिजेत, असंच मशीन लावायचं. म्हणून सिक्युअर बूट चालूच ठेवलं आणि मोकयुटिल या कमांडने डीकेएमएसची किल्ली बोर्डात नोंदवली. यात पासवर्ड मागतो, तो तात्पुरता असतो, रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो तिथे एनरोल मोक निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो स्क्रीन थोडाच वेळ थांबतो, चहा प्यायला गेलात की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. (ज्यांच्या विंडोजवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं एन्क्रिप्शन, चालू आहे त्यांनी सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी रिकव्हरी की लिहून ठेवा, नंतर तो मागतो.)

त्याच न्यायाने साडेपाच तासांचं. मिंटला टाइमडेटसीटीएल या कमांडने सांगता येतं की बोर्डात स्थानिक वेळ ठेव, आणि आपल्याकडे वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नसल्याने भारतात ते तसं चालूनही जातं, कमांड मात्र इशारा देते. मी उलटं केलं, विंडोजलाच यूटीसी वाचायला लावलं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात) टाइमझोन इन्फर्मेशनच्या खाली रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड बनवून किंमत १ द्यायची, नाव सगळं जोडून लिहायचं, मध्ये स्पेस नाही. ही नोंद डिस्कवर राहते, बोर्डाशी तिचा काही संबंध नाही. फक्त बायॉसच्या स्क्रीनवर आता वेळ साडेपाच तास मागे दिसते, ती बघून कोणी सुधारायला जाऊ नये म्हणून पेटीच्या आत कागद चिकटवलाय.

हार्ड डिस्क रीड ओन्ली होण्याचा सेलशी संबंध नव्हता, ते फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शट डाऊन म्हणजे पूर्ण बंद नाही, कर्नल हायबरनेट करून, म्हणजे डिस्कवर जसाच्या तसा साठवून, ठेवतो आणि एनटीएफएस अर्धवट उघडी राहते, लिनक्सला ते दिसतं आणि तो लिहायला नकार देतो, बरोबरच आहे त्याचं. रीस्टार्टमध्ये मात्र पूर्ण बंद होतं. आम्ही एरवी विंडोजमधून रीस्टार्ट करूनच मिंटमध्ये जायचो म्हणून हे कधी समोर आलं नव्हतं, त्या दिवशी दादाने शट डाऊन केलं आणि दिसलं. अ‍ॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीने हायबरनेट ऑफ केलं, विषय संपला, वर एसएसडीवर हायबरफाइलने अडवलेली काही जीबी जागाही मोकळी झाली. लाइट जाऊन डिस्क डर्टी झाली (नीट बंद न झाल्याची खूण लागली) असेल तर मात्र विंडोजमध्ये चेकडिस्क चालवा, मिंटमधलं एनटीएफएसफिक्स फक्त खूण पुसतं आणि किरकोळ डागडुजी करतं, चेकडिस्कची जागा घेत नाही.

सगळं झाल्यावर मुद्दाम प्लग काढला, नवा सेलही काढून ठेवला, जेवून आलो, सेल बसवून चालू केलं. सेटिंग डिफॉल्टला, अपेक्षेप्रमाणे. बायॉसमध्ये तारीख-वेळ यूटीसीने भरली. विंडोज आलं, वेळ बरोबर. मिंट आलं, वायफायसकट, हार्ड डिस्कवर लिहिता येतंय. क्रम मात्र परत विंडोज पहिला झाला, त्यावर बीसीडीएडिट या विंडोजच्या कमांडने विंडोजच्याच एन्ट्रीला ग्रबच्या फाइलकडे वळवायची एक युक्ती आहे, पण ती मी केली नाही. दादाला बटण दाबल्यावर थेट विंडोज हवंच आहे आणि मला एफ११ दाबायला जड जात नाही. "आता कसा शाण्यासारखा चलता बघ," म्हणाला, आणि लगेच हँडबिलं काढायला बसला.

राहिलेलं काम दोन. एक छोटा यूपीएस, कारण प्लग काढायच्या आधीच लाइट गेली तर वरचं काहीच कामाचं नाही. दुसरं विंडोजचं, १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जादा सिक्युरिटी अपडेटची योजना घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि आमचा सेव्हन्थ जेन प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. दादाची डीटीपी नेटशिवायही चालते, त्यामुळे विंडोज वेगळ्या छोट्या एसएसडीवर नेऊन त्याचं नेट काढून टाकायचा विचार आहे. ते इन्स्टॉल करताना मिंटवाल्या एसएसडीची केबल काढून ठेवणार, कारण विंडोजच्या इन्स्टॉलरला आधीचं ईएफआय पार्टिशन सापडलं की तो तेच वापरतो आणि मग डिस्क वेगळ्या करूनही दोघं एकाच पार्टिशनवर अवलंबून राहतात. नंतर ग्रबमध्ये विंडोज दिसलं नाही तर ओएस-प्रोबर (दुसऱ्या सिस्टम शोधणारा भाग) चालू आहे का ते बघायला लागेल, ग्रब २.०६ पासून तो मुळात बंद येतो. एसएसडी गणपतीच्या आधी घ्यायची आहे, तेव्हा पत्रिकांचा सीझन असतो आणि मशीन माझ्या हाताला लागत नाही.