पंपच निघाला! तापणाऱ्या गाडीची पुढची नोंद

मंडळी, सापडलं एकदाचं. वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी (कूलंट) फिरवणारा पंप! ना गळती, ना आवाज, बेअरिंगला तसूभर खेळ नाही, वीप होल (पंपाचं सील गेलं की जिथून पाणी झिरपतं ते भोक) कोरडं ठणठणीत. तरी दोषी तोच.

मागची नोंद वाचलेल्यांना लक्षणं ठाऊक आहेत. ट्रॅफिकमध्ये गाडी शांत, फॅन वेळेवर लागतो नि सुटतो. पण लांब चढ लागला की स्कॅनरवर 95, 100, 108 असा आकडा चढत जायचा. डॅशबोर्डचा काटा मात्र मधोमध ढिम्म. त्या काट्याच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच गाड्यांत मधल्या मोठ्या टप्प्यात तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, हलतो तेव्हा वेळ गेलेली असते. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असताना तर स्कॅनरवरचा लाइव्ह डेटाच बघायचा.

हेड गॅस्केटची, म्हणजे हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची, धास्ती आधी मिटवली. ब्लॉक टेस्टरचं निळं द्रावण निळंच राहिलं, म्हणजे कूलंटमध्ये जळलेला वायू येत नाही. प्रेशर टेस्टरने 1 बार भरून ठेवला, सुई हलली नाही. त्या दिवशी झोप छान लागली.

थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून चालवून बघ, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. माझा त्याला ठाम विरोध आहे, निदान या इंजिनावर. याच्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची झडप उघडते तेव्हा ती बायपासचं (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचं) तोंड बंद करते. तो काढला की बायपास कायमचा उघडा, आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. म्हणजे चाचणीच खोटी. त्यापेक्षा पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून बघितलं. 82 ला उघडायला लागला, 95 ला पूर्ण उघडला. थर्मोस्टॅट निर्दोष सुटला.

खरा धागा मिळाला तो इन्फ्रारेड गनमुळे. चकचकीत धातूवर ती खोटं वाचन देते, म्हणून मोजायच्या जागी काळी टेप चिकटवा. इंजिन तापवून, आरपीएम वर धरून मोजलं तर वरचा होज (इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी रबरी नळी) 98, खालचा (रेडिएटरकडून परत येणारा) 51! रेडिएटर तुंबला असता तर त्याच्या जाळीवर कुठेतरी थंड पट्टे दिसले असते. इथे वरून खाली तापमान एकसारखं उतरत होतं. म्हणजे रेडिएटर आपलं काम चोख करतोय, पाणीच त्यातून रेंगाळत जातंय. खालचा होज ओढीने चपटा होतोय का तेही पाहिलं, तो टणक होता. आणि त्याच वेळी हीटरची हवा कोमट झाली! इंजिन 104 वर, कूलंट काठोकाठ, हवा पूर्ण काढलेली, आणि हीटर कोमट. आता पंपाशिवाय नाव घ्यायला कोणी उरलं नाही.

टायमिंग कव्हर उघडून पंप बाहेर काढला. दातेरी पुली एका हाताने धरून दुसऱ्याने इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) फिरवला, तर घट्ट. जोर लावला तरी हलेना. मन खट्टू झालं. मग सुचलं की तक्रार गरम इंजिनाची आहे, तर पंपही गरम हवा. 90 अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवला, जाड हातमोजे घालून पुन्हा धरला, आणि प्लॅस्टिकचा इम्पेलर शाफ्टवर गर्रकन फिरला! हबला केसाएवढी चीर आहे. थंड असताना ती मिटलेली राहते, तापली की पकड सुटते. शाफ्टवर त्या जागी घासून चकाकलेलं कडं दिसतं. ते कडं बघून जो आनंद झाला तो तुम्हालाच कळेल.

नवा पंप धातूच्या इम्पेलरचाच घेतला. एका विक्रेत्याने फोटो धातूचा दाखवून प्लॅस्टिकचा पाठवला, तो तसाच परत केला. पार्सल घेतलं की आधी इम्पेलर बघा. सोबत टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर बदलले. एवढं उघडल्यावर जुना बेल्ट परत चढवणं मला पटत नाही. पंप बसवताना सिलिकॉन सीलंट मात्र थापू नका, आत पिळून निघालेले तुकडे रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. कूलंट ओएटी (ऑरगॅनिक अ‍ॅसिड प्रकारचं), डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं.

निकाल: तोच चढ, एसी चालू, आकडा 91 ते 93. वरचा होज 92, खालचा 77.

अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरचा बेत होता, तो रद्द. त्याऐवजी खालच्या होजला कायमचा गेज लावणार होतो, पण हे लिहिताना वाटतंय की दोन्ही होजना एकेक एनटीसी सेन्सर (तापमानानुसार रोध बदलणारा) लावून थेट फरकच का दाखवू नये? फरक 30 च्या वर गेला की बझर. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत खालचा होज थंडच असतो, त्यामुळे वरचा 88 ओलांडेपर्यंत बझर गप्प ठेवावा लागेल. होज कापायचा नाही. पंपाच्या तोंडाशी धातूची नळी आहे, खालचा सेन्सर तिच्यावरच बसवीन. तिथे क्लिप टिकते की थर्मल इपॉक्सीच लागतं? कोणी केलं असेल तर सांगा, या आठवड्यात वायरिंग ओढायला घेतोय.